फ्रिजला थंडी कळते कशी?

फ्रिजला तापमान कळत नाही. दारावर ‘४ अंश’ असा आकडा चमकत असला तरी तो त्याला दुसऱ्या कुणी तरी कळवलेला असतो. आतल्या भिंतीत, जाळीदार झाकणामागे, मोहरीएवढा एक काळपट दाणा दोन बारीक तारांच्या टोकाला बसलेला असतो. कॉम्प्रेसर कधी चालू करायचा, कधी थांबवायचा, गार हवा खालच्या कप्प्यात किती सोडायची, हे सगळं त्या दाण्याच्या सांगण्यावर ठरतं. तो खरं सांगतो तोवर दूध ताजं राहतं. तो चुकू लागला की अडीचशे-तीनशे लिटरचं ते अवजड यंत्र इमानेइतबारे चुकीचं काम करत राहतं, आणि आपण कॉम्प्रेसरला, कंपनीला, विजेला, नाहीतर नशिबाला बोल लावत बसतो.

तंत्रज्ञ ह्या दाण्याला थर्मिस्टर म्हणतात. दुकानात नुसतं ‘सेन्सर’ म्हटलं तरी भागतं. त्याचं काम सांगायला एक ओळ पुरते, पण तो ते करतो कसा आणि तो चुकतोय हे ओळखायचं कसं, ह्याचा माग काढू लागलं की माणूस थक्क होतो. मी झालो, आणि तेही वेळणेश्वरात, जिथे ह्या दाण्याचा खरा कस लागतो.

गुहागर तालुक्यातलं हे गाव अगदी समुद्राला लागून आहे. शंकराच्या देवळापासून लाटा हाकेच्या अंतरावर, वाटेच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांत घरं. आता त्यातल्या कित्येक घरांत पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची सोय असते, त्यामुळे एका फ्रिजवर भागत नाही. सुरमई-बांगडा, नारळाचं दूध, मोदकाचं सारण, मे महिन्यात काढून ठेवलेला आमरस, सगळं त्यात. पूर्वी कोकणात पदार्थ टिकवायचं काम मीठ आणि ऊन करत असे. कोकमाचं आगळ, आंबोशी, सुकट, खारवलेली मासळी, फणसाची साठं ही सगळी त्या दोघांची करणी. पदार्थ टिकवणारं तेच मीठ आज हवेतून फ्रिजच्या तारांपर्यंत पोचतं आणि त्या खाऊन टाकतं. त्याकडे येतोच. आधी तो दाणा बघू.

तांब्याची तार तापवली की तिच्यातून वीज जायला थोडी जास्त अडचण होते. दर अंशाला तिचा रोध साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. बहुतेक सगळे धातू असेच वागतात. १८३३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे चांदीच्या सल्फाइडवर प्रयोग करत होता. त्याने त्या पदार्थाला दिव्याची धग दिली आणि उलटंच झालं. पदार्थ तापला तशी त्यातून वीज अधिक सहज वाहू लागली, दिवा बाजूला केल्यावर पुन्हा अडखळू लागली. फॅरेडेने ते नीट टिपून ठेवलं. त्याचं कारण सांगणं मात्र तेव्हा कुणालाच शक्य नव्हतं, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून ६४ वर्षं होती.

त्याच १८३३ साली बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ भरून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. पुढच्या वर्षी तसाच अमेरिकेचा बर्फ मुंबईलाही उतरला. आपल्या देशात परदेशची थंडी विकत मिळू लागली ती ह्याच सुमारास. थंडी मोजणाऱ्या दाण्याचं बीजही तेव्हाच पडलं, ह्या योगायोगाचं मला राहून राहून अप्रूप वाटतं. रोजच्या वापरात येईल असा थर्मिस्टर घडायला मात्र १९३० साल उजाडलं. तो अमेरिकेत सॅम्युएल रूबेन ह्या संशोधकाने केला.

आजचा दाणा चांदीच्या सल्फाइडचा नसतो. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडची पूड एकत्र करून, दाबून, हजार अंशांच्याही वरच्या आचेत भाजून तो करतात. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, तसे ते ह्या भाजलेल्या दाण्यात फिरू शकत नाहीत. इथे इलेक्ट्रॉन मँगनीजच्या एका अणूपाशी अडकलेला असतो. शेजारच्या अणूवर उडी मारायची तर मधला ऊर्जेचा अडथळा ओलांडावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा हिसका त्याला फक्त उष्णता देऊ शकते. अणू सतत थरथरत असतात. त्यातली एखादी थरथर पुरेशी मोठी निघाली तर उडी साधते, नाहीतर इलेक्ट्रॉन जागच्या जागी राहतो.

नेहमीच्या प्रतीचा दाणा धरून मी ह्याचा ढोबळ हिशेब मांडला. २५ अंशांना साधारण पावणेसहा लाख प्रयत्नांत एक उडी साधते. शून्य अंशाला १९ लाखांत एक. म्हणजे फ्रिजमध्ये रात्री दूध ठेवताना त्या काळ्या कणात असंख्य इलेक्ट्रॉन धडपडत असतात, त्यातल्या जवळपास सगळ्यांची धडपड वाया जाते, आणि किती वाया गेली ह्याचाच अर्थ फ्रिज ‘किती थंड आहे’ असा लावतो. तापमान म्हणजे अणूंची थरथर हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ती थरथर स्वयंपाकघरात कुणी तरी अहोरात्र मोजत असतं, हे मात्र तिथे कुणी सांगत नाही.

ह्या धातूंची आणखी एक गंमत सांगतो, थोडी वाट वाकडी करून. मँगनीज महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून निघतं. पण मँगनीज, निकेल आणि कोबाल्ट हे तिन्ही एकाच ढेकळात हवे असतील तर ते समुद्राच्या तळाशी आहेत. हिंदी महासागरात पाच हजार मीटरच्या आसपास खोलीवर बटाट्याच्या आकाराच्या काळ्या गाठी विखुरलेल्या आहेत. त्या दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतक्या संथपणे वाढतात. गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजावरून भारतासाठी अशा पहिल्या गाठी वर काढल्या. आपल्या फ्रिजमधला दाणा तिथून येत नाही, तो जमिनीवरच्या खाणींतल्या धातूंचाच असतो. पण वेळणेश्वरच्या पुळणीवर उभं राहून समोरच्या पाण्याकडे बघताना ही गोष्ट आठवली की त्या पाण्याची खोली नव्याने जाणवते.

आता फ्रिज ह्या दाण्याचं ऐकतो कसं ते पाहू. एक नेहमीचा नमुना घेऊ, २५ अंशांना बरोबर १० हजार ओहम रोध असलेला. कंपनीगणिक हा आकडा बदलतो. काही फ्रिजमध्ये ५ हजारांचा दाणा असतो, काहींत त्याहूनही कमी. पण वागण्याची तऱ्हा एकच. आपला नमुना १० अंशांना सुमारे २० हजार दाखवतो, ५ अंशांना २५ हजारांच्या थोडा वर, शून्याला ३३ हजारांच्या आसपास, आणि फ्रीजरच्या उणे १८ अंशांना ८५ हजारांच्या घरात. दर अंशाला साधारण ५ टक्के फरक, म्हणजे तांब्याच्या दसपटीहून जास्त. एवढा मोठा फरक ओळखायला महागडं उपकरण लागत नाही, आणि म्हणूनच हा स्वस्त दाणा घराघरात पोचला.

बोर्डावर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘पीसीबी’वर, एक न बदलणारा रोध ह्या दाण्याच्या जोडीला बसवलेला असतो. दोघांवर मिळून ५ व्होल्ट सोडतात आणि मधल्या सांध्यावर किती व्होल्ट आले ते चिप वाचते. जोडीदारही १० हजार ओहमचा असेल तर २५ अंशांना दोघांची वाटणी निम्मी-निम्मी, सांध्यावर अडीच व्होल्ट. ५ अंशांना दाण्याचा वाटा वाढतो आणि सांध्यावर साडेतीनच्या थोडे वर व्होल्ट येतात. चिपमध्ये एक तक्ता साठवलेला असतो: इतके व्होल्ट म्हणजे इतके अंश. फ्रिजचं तापमानाचं सगळं ज्ञान एवढंच.

तार तुटली तर रोध अनंत होतो, सांध्यावर पूर्ण ५ व्होल्ट येतात, आणि तक्त्याप्रमाणे त्याचा अर्थ होतो ‘ध्रुवप्रदेशापेक्षाही भयंकर थंडी’. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य, म्हणजे ‘भट्टी’. ही दोन्ही उत्तरं इतकी अशक्य असतात की चिपला लगेच संशय येतो. ती दारावर दोषाचा संकेत दाखवते आणि बऱ्याच फ्रिजमध्ये सेन्सरचं ऐकणं सोडून ठरावीक वेळ कॉम्प्रेसर चालव, ठरावीक वेळ थांबव अशा अंदाजपंचे कामाला लागते. हा बिघाड सोपा. संकेत वाचला, सेन्सर बदलला, झालं.

खरा पेच पडतो तो दाणा अर्धवट चुकतो तेव्हा. आकडा शक्य कोटीतला असतो म्हणून चिपला संशय येत नाही, संकेत उमटत नाही, आणि फ्रिज आपला चुकतच राहतो. वेळणेश्वरासारख्या गावात नेमका हाच प्रकार होतो. त्याचं मूळ समुद्राच्या हवेत आहे.

लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात, पाणी सुकतं आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर घरात येतात. भांड्यांवर, खिडकीच्या गजांवर, फ्रिजच्या मागच्या तारांवर ते बसतात. कोरडं मीठ फारसं उपद्रवी नसतं. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा आठवडेच्या आठवडे ह्या मर्यादेच्या वर असते. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं ते ह्यामुळेच. त्याच वेळी तारांवरचं मीठही पाझरत असतं, आणि खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं.

इथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट दिशेला जातात. मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते ह्याचं.

पहिली वाट जोडणीची. सेन्सरच्या तारा बोर्डाला एका लहानशा कनेक्टरने जोडलेल्या असतात. त्याच्या पिना खाऱ्या दमटपणाने कळकतात, त्यांच्यावर हिरवट पुटं चढतात, आणि दाण्याच्या रोधात त्या पुटांचा रोध भर घालतो. समजा ६ हजार ओहमची भर पडली. बोर्डाला ५ अंश हवे आहेत, म्हणजे त्याला २५ हजारांच्या वर थोडा आकडा दिसायला हवा. त्यातले ६ हजार कळकलेल्या पिनांचे. उरले साडेएकोणीस हजार, आणि तेवढा रोध दाणा दाखवतो साधारण साडेदहा अंशांना. दारावर ५ दिसतात, आत साडेदहा असतात. दूध नासतं, सोलकढी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

दुसरी वाट दाण्याची. दाण्यावरचं प्लास्टिकचं किंवा राळेचं कवच वर्षानुवर्षं गार-गरम होऊन कुठे तरी चिरतं. चिरेत खारं दव शिरतं, गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि चीर आणखी उघडते. मग दाण्याच्या दोन तारांमध्ये ओलाव्याची एक पातळ वाट तयार होते आणि थोडी वीज दाण्याला वळसा घालून तिच्यातून जाऊ लागते. ही चोरवाट अगदी क्षीण असू द्या, एक लाख ओहमची. तरी बोर्डाला २५ हजारांच्या वरचा तो आकडा दिसायला दाण्याचा स्वतःचा रोध ३४ हजार व्हावा लागतो. तो होतो शून्याच्याही जवळजवळ एक अंश खाली. दारावर तेच ५, आणि आत कोथिंबीर काचेसारखी मोडते, काकडीत बर्फाच्या सुया होतात, अंडी तडकतात.

म्हणजे भाजी गोठणं आणि दूध नासणं ही दोन्ही एकाच मिठाची लक्षणं असू शकतात. मीठ जोडणीवर बसलं की फ्रिज गरम, दाण्यात शिरलं की फ्रिज गोठतो. लक्षणावरून कुठे शोधायचं ते कळतं, रोध मोजायचा मीटर हातात घ्यायच्या आधीच.

मीटर हातात घेतल्यावर मात्र एक प्रश्न उरतो. मीटरने रोध कळेल, पण त्या क्षणी दाण्याचं खरं तापमान किती आहे हे कोण सांगणार? ह्याचं उत्तर इतकं सुंदर आहे की ते मी वेळणेश्वरातल्या एका घरी पाहिलं तसंच सांगतो. तिथल्या काकू घरीच खानावळ चालवतात. खालच्या कप्प्यात दूध टिकत नव्हतं. ‘गॅस भरावा लागेल’ असं कुणी तरी आधी सांगून गेलं होतं. शृंगारतळीहून एक तरुण मेकॅनिक आला होता. त्याने आधी फ्रीजर उघडून पाहिला, मग आतल्या पंख्याच्या हवेवर हात धरला.

“काकू, वाटीभर बर्फ द्या जरा.”

“तुला रे कशाला बर्फ? फ्रिज गार होत नाही म्हणून तर बोलावला तुला.”

“फ्रीजरमधलाच द्या की. बर्फ होतोय म्हणजे गॅस जागेवर आहे, काकू. हवासुद्धा येतेय खाली. फ्रिजला कुणी तरी चुकीचं सांगतंय.”

त्याने फ्रिजची पिन काढली, बोर्डाजवळचा कनेक्टर सोडवला, आतलं झाकण उघडून दाणा तारेसकट बाहेर ओढला. बर्फ फडक्यात घालून कुटला, पेल्यात भरला, वर बर्फ जेमतेम भिजेल इतकं पिण्याचं पाणी ओतलं, आणि दाणा मधोमध बुडवून चमच्याने हळूहळू ढवळत राहिला. कनेक्टरच्या पिनांना लावलेल्या मीटरवरचे आकडे चढू लागले. १५ हजार, २२, २९, मग दमाने ३५, ३८, आणि ३८.६ हजारांवर स्थिर. त्याच्या फोनवरच्या तक्त्यात शून्य अंशासमोर ३२.७ होते. मग त्याने कनेक्टर वगळून मीटरच्या सुया थेट तारांच्या सोललेल्या भागाला लावल्या. ३२.८.

दाणा खणखणीत होता. जवळजवळ सहा हजार ओहम त्या हिरव्या पिनांत अडकले होते. त्याने कनेक्टर कापून टाकला, नवा जोडला, टोकं सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. काकूंना पेल्यातला दाणा बोटांत धरायला दिला. बोटांची ऊब लागताच आकडे भराभर उतरू लागले, तीस, वीस, दहा, आणि सातच्या जवळ जाऊन थांबले. “अगो बाई, माझा ताप मोजतंय की हे,” काकू म्हणाल्या. खरोखरच तो दाणा तेच करत होता.

पेल्यातला बर्फ इथे साक्षीदार होता. वितळणारा बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत त्या मिश्रणाचं तापमान शून्याला खिळून राहतं. बाहेर वैशाखाचं ऊन असो, मिश्रणात येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, आणि शेवटचा खडा वितळेपर्यंत काटा हलत नाही. सेल्सिअसची मोजपट्टी मुळात ह्याच बिंदूवर बेतलेली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत असो नाहीतर वेळणेश्वरच्या माजघरात, कुटलेला बर्फ आणि गोडं पाणी तेच शून्य देतात, आणि तेही फुकट. पाणी मात्र गोडंच हवं. समुद्राचं पाणी घेतलंत तर ते उणे २ अंशांच्या जवळ गोठतं, आणि शून्य हातचं जातं.

घरी हे करणार असाल तर पिन काढल्याशिवाय आत हात घालू नका. इन्व्हर्टर बोर्डाला तर पिन काढल्यावरही थोडा वेळ हात लावू नका, त्यातले कपॅसिटर वीज धरून ठेवतात. गॅसच्या नळ्यांना धक्का लावू नका. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. जुन्या धाटणीच्या एकदारी फ्रिजमध्ये १ ते ७ आकड्यांची घुंडी असेल तर हा दाणा शोधूच नका. तिथे बारीक नळीत कोंडलेली वाफ गार-गरम होऊन आकसते, फुगते आणि बटण दाबते. तीही कल्पना देखणी आहे, पण तिची तपासणी वेगळी.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये असाच दुसरा एक दाणा आतल्या कॉइलवर बसलेला असतो. कॉइलवरचं हिम वितळवायला हीटर लागतो, आणि हिम संपलं हे हा दाणा सांगतो. त्याने खऱ्यापेक्षा जास्त तापमान कळवलं तर हीटर लवकर बंद होतो, थोडं हिम उरतं, दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी थर बसतो, आणि काही दिवसांत हवेची वाट बुजते. वर बर्फ होतो, खाली गरम. काकूंच्या फ्रिजसारखंच लक्षण, कारण निराळं. मेकॅनिकने पंख्याच्या हवेवर हात धरून पाहिला होता तो ह्यासाठी.

आणि दर वेळी दोष सेन्सरचाच असतो असंही नाही. दाराचं रबर सैल पडलेलं असतं, मागची जाळी धुळीने भरलेली असते, पंखा अडकलेला असतो, विजेचा दाब पडलेला असतो. तारा उंदराने कुरतडलेल्या असतात, बोर्डावर पालीने बस्तान बसवलेलं असतं. शून्याची परीक्षा सेन्सरने पास केली की त्याला सोडून बाकीच्यांकडे वळायचं, एवढंच. सेन्सर काही शे रुपयांत येतो, बोर्डाला काही हजार मोजावे लागतात, आणि गॅस बंद नळ्यांतून फिरतो, गळती नसेल तर तो संपत नाही. कशावर पैसे घालायचे हे त्या पेलाभर बर्फाने ठरतं.

ह्या पाच-सहा अंशांच्या फरकाचं मोल दुधापुरतं नाही. बांगडा, सुरमई, कुपा अशा मासळीत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी पुरेशी गार राहिली नाही की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं, आणि लोक समजतात की मासे बाधले. हिस्टामिन शिजवल्याने जात नाही. कढीचा रंग-वास ठीक असला तरी ते त्यात असू शकतं. म्हणून मासळी ठेवायच्या फ्रिजचं खरं तापमान ५ अंशांच्या वर असता कामा नये, दारावर काहीही आकडा असो.

उलट चूकही तितकीच घातक. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि एकदा गोठलं की ते टाकून द्यावं लागतं. वितळल्यावर ते चांगलं दिसलं तरी टोचून घेऊ नये. बऱ्याच लसींचंही तेच. सरकारी आरोग्य केंद्रांतल्या लसींच्या फ्रिजमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवलेला असतो आणि दिवसातून दोनदा त्याचं तापमान वहीत नोंदवलं जातं. पेन्टाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस-बी लस गोठली असल्याचा संशय आला तर परिचारिका कुपी हलवून बघते आणि साका किती लवकर खाली बसतो त्यावरून ओळखते. फ्रिजचा स्वतःचा सेन्सर आहे म्हणून त्याच्यावर विसंबून न राहण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. घरातल्या फ्रिजलाही ती लावता येते.

त्यासाठी एवढं करा. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. पाणी लवकर गार-गरम होत नाही, त्यामुळे दार उघडल्याने आकडा फसत नाही. तो २ ते ५ च्या बाहेर असेल आणि दारावरचा आकडा वेगळंच सांगत असेल तर मेकॅनिकला बोलवा. तो आला की बर्फाच्या पाण्यातलं सेन्सरचं रीडिंग घ्यायला सांगा, कनेक्टरच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही. दोन्ही आकडे तारखेसह कागदावर लिहून फ्रिजच्या मागे चिकटवा. पुढचा पावसाळा संपला की पुन्हा मोजा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर हे दरवर्षी करावं.

एक मागणं वेळणेश्वरातल्या महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडे आहे. समुद्राला लागून असलेल्या घरांतले, वर सड्यावरच्या घरांतले आणि आत शृंगारतळीकडच्या घरांतले जुने सेन्सर गोळा करा. प्रत्येकाचं शून्य अंशाचं रीडिंग घ्या आणि समुद्रापासूनच्या अंतराबरोबर मांडा. खारी हवा दाण्याला किती दूरपर्यंत गाठते, हे अशा मोजणीतून कळेल. त्याला लागेल एक मीटर, एक पेला आणि बर्फ.